शिवेबाहेरची बाव

खारबांदात सकाळी देवळातली घंटा आधी वाजते की प्रेमाकाकीचा डंक आधी धडधडतो, यावर पैज लावायला गावात कुणी तयार नाही. डंकच जिंकतो. मसाला कुटायचं ते यंत्र सुरू झालं की अर्ध्या वाडीला शिंका येतात, आणि शिंकता शिंकता लोक म्हणतात, "उठली गो बाय."

प्रेमाकाकी म्हणजे प्रेमलता केळुसकर. मालवणी मसाला, खाजं आणि कोकमाचं आगळ, हा तिचा धंदा. हाताखाली चार बायका, दुकान रस्त्याला लागून, आणि जीभ डंकाच्या मुसळापेक्षा जड. नवरा सत्यवान एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. बत्तीस वर्षं घंटीची दोरी ओढून त्याला बोलायची सवयच राहिली नाही. एखादी गोष्ट पटली की जे हाताशी असेल त्यावर तो दोनदा टकटक करतो. म्हणजे डबल बेल. म्हणजे जाऊ द्या गाडी. नाही पटली तर एकदा.

दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी बुचकळ्यात पडतं. डाव्या हाताला बरण्या, पुडे, बाटल्या. उजव्या हाताला धोंडे. फुटक्या चिनी बश्यांचे खाडीच्या चिखलात सापडलेले तुकडे. हातभर लांबीचा गंजलेला खिळा, जो प्रेमाकाकीच्या मते गलबताचा आणि सत्यवानच्या मते बैलगाडीचा. मुंबईची बाई खाज्याचा पुडा मागते आणि तासाभराने खाडीचा इतिहास ऐकून बाहेर पडते. पुड्यातही इतिहास असतोच. आत एक छापील कागद, 'खारबांदची गलबतांची बाव', वर चित्र, खाली दहा ओळी. खाजं संपल्यावर लोक त्या कागदाने हात पुसतात, हे काकीला ठाऊक आहे. "पुसूदेत. पुसताना तरी वाचतले," म्हणते.

हे वेड माहेरचं. ती खारेपाटणची लेक. ज्या नदीतून एकेकाळी माल भरलेली गलबतं थेट बाजारात यायची, ती नदी गाळाने भरली आणि बंदर कधी मेलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही. रडायलाही कोणी गेलं नाही. लग्न होऊन ती खारबांदात आली आणि गावाच्या टोकाला, करवंदीच्या जाळीत, तिला ती बाव, ती जुनी विहीर, दिसली. चिऱ्याने बांधलेली, पायऱ्यांची. काठावर दोरांनी घासून पडलेल्या बोटभर खोल खाचा. आणि बाजूला दगडी पन्हळ, खाडीच्या दिशेने उतरत गेलेली. खाडी आता पाच-सहा शेतं मागे सरकलीय, पण पन्हळ अजून तिकडेच तोंड करून बसलीय.

"माणसाक पाणी पिऊक पन्हळ कशाक होई?" काकी विचारते. "कळशी बस झाली. पन्हळ लागता ती पिंपा भरूक. हय गलबतां पाणी भरीत होती."

यावर वाद घालायची हिंमत एकाच माणसात. मथुरा. शेजारच्या पेंडवळची, मासळी विकणारी. रोज सकाळी टोपली घेऊन खारबांदात येते, काकीच्या पायरीवर टेकते, चहा पिते आणि भांडते.

"गलबतां भरीत होती ता खरा," मथुरा म्हणते, "पण आमच्या बावीत. बाव पेंडवळची."

"शिरा पडो तुझ्या तोंडार! व्हाळाच्या हय तो खारबांद, थंय तो पेंडवळ. नकाशो बघ."

"नकाशो तुझ्या चुलीत घाल. शिवेचो धोंडो खंय आसा तो बघ."

धोंड्याचं प्रकरण असं. वर चंद्र-सूर्य कोरलेला एक जुना शिवेचा दगड आहे, आणि तो उभा आहे बाव आणि खारबांदची घरं यांच्या मधोमध. म्हणजे दगड खरा मानला तर बाव शिवेच्या पलीकडे, पेंडवळात. पण सरकारी नकाशात शीव आणखी पुढे, बावीपलीकडच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला. म्हणजे बाव खारबांदात. यावर काकीचं उत्तर ठरलेलं: धोंडा मुळात व्हाळाकाठी होता, मोठ्या पुरात वाहून वर आला.

"पुरात धोंडो वर चढता?" मथुरा डोळे वटारते. "आमच्या घोवाक सांगतंय, तो पण पुरात चढूदे माडार. नारळ तरी काढीत."

वीस-पंचवीस वर्षं हे चाललंय. चहा तोच, भांडण तेच. त्याशिवाय दोघींनाही दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.

मग गावाला कौस्तुभ सरपंच लाभला. पस्तिशीचा, हातात दोन फोन, तोंडात साखर. घरात, बाजारात छान मालवणी बोलतो, पण खोटं बोलायची वेळ आली की शुद्ध मराठीत शिरतो. गावाला ही खूण पाठ आहे. पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, खाडीकिनाऱ्याचं सौंदर्यीकरण करण्याचा आमचा मानस आहे."

सौंदर्यीकरण हा शब्द कानावर पडला की समजावं, काहीतरी मरणार आहे. आपल्याकडे जुनं काही दिसलं की माणसाला दोनच गोष्टी सुचतात. शेंदूर फासायचा, नाहीतर जेसीबी लावायचा. खाडीत पर्यटकांच्या बोटी सुरू होणार होत्या, बोटींना गिऱ्हाईक येणार, गिऱ्हाइकाच्या गाड्या येणार आणि गाड्यांना जागा हवी. जागा कुठली? बावीची. बुजवायची आणि वर पेव्हर ब्लॉक घालायचे.

"बाव धोकादायक आहे," कौस्तुभ म्हणाला. "लहान मुलं पडू शकतात."

"आजपर्यंत कोण पडलो?" काकी.

"पडू शकतात असं म्हणतोय मी."

"तू पण सरपंच होवक शकतंस असा कोण म्हणा नाय होतो. झालंस मां?"

सभा हसली. पण हसणाऱ्या सभेचा ठराव होत नसतो. निम्म्या लोकांना घराशी दुकान टाकायचं होतं, त्यांना गाड्या हव्याच होत्या. शेवटी गावचे मानकरी नाना घाडी, ज्यांच्याशिवाय खारबांदात पान हलत नाही, ते म्हणाले, "गावपळण तोंडार आसा. ती होवंदे. मगे बघू." कौस्तुभने लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की काकीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

गावपळण बाहेरच्याला सांगितली तर तो हसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. दर तीन-चार वर्षांनी रवळनाथाचा कौल झाला की सगळं खारबांद गाव सोडतं. सगळं म्हणजे सगळं. म्हातारी, पाळण्यातली पोरं, गुरं, कुत्री, कोंबडी. तीन दिवस, तीन रात्री गावच्या शिवेत माणसाचं पाऊल पडायचं नाही. गाव देवाला मोकळा करून द्यायचा. लोक शिवेबाहेर झोपड्या बांधून राहतात. चौथ्या दिवशी देवाला विचारतात, येऊ का? हो म्हणाला तर परत यायचं. मधे कुणी शीव ओलांडली तर पाळण, म्हणजे पाळायचा नेम, मोडली. मग पुन्हा पहिल्यापासून तीन दिवस, आणि मोडणाऱ्याचं नाव पुढच्या तीन पिढ्या सगळ्यांच्या तोंडी.

काकी तशी देवभोळी नाही. पण पाळण तिने कधी चुकवली नाही. "बाव चिऱ्याची, पाळण माणसांची. दोन्ही जुन्याच. एक सांभाळायची आणि दुसरीक लाथ मारायची, असा कसा चलतला?" हे ती पर्यटकांना अभिमानाने सांगायची. पुढे हेच वाक्य तिच्या गळ्यात अडकणार होतं.

देवदिवाळीनंतर ढोल वाजला आणि गाव निघाला. टेम्पोत गाद्या, दुचाकीवर कोंबड्यांची डालगी, एका आजीच्या मांडीवर टीव्ही. नानांनी शिवेच्या चार ठिकाणी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझो गाव तुझ्या हवाली," आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं. बाकीच्या तीन दिशांना रान आणि खाडी, म्हणून मुक्काम दर वेळी पेंडवळच्या सड्यावर, व्हाळाच्या पलीकडे. पेंडवळवाले जागा देतात, लाकूडफाटा देतात आणि टोमणे फुकट देतात.

सड्यावर मजा असते. घराघरातली भिंत नाहीशी झाली की माणसं कशी मोकळी होतात ते तिथे बघावं. तीन वर्षं न बोलणारे भाऊबंद एका चुलीवर भाकऱ्या भाजतात, पत्ते पडतात, भजन होतं. त्रास एकच, पाण्याचा. सडा म्हणजे नुसता कातळ. टँकर आला तर आला, नाहीतर बायकांनी पेंडवळातल्या लांबच्या विहिरीवरून कळश्या वाहायच्या. यंदा टँकर आलाच नाही. सांगितलं होतं म्हणे सरपंचाने.

पहिल्या दिवशी दुपारी काकी कढईत गूळ वितळवत खाजं पाकवत होती. पाळण असो की प्रलय, तिची चूल बंद नसते. मथुरा टोपली घेऊन आली, पण टेकली नाही. चहाही मागितला नाही.

"काय गो? बांगडे कुजले?"

"प्रेमा, आयक. जेसीबीवालो विकी आसा ना, नांदगावचो? आता माझ्याकडसून सरंगो घेऊक इल्लो. सहज इचारलंय, हय खंय रे? म्हणता, उद्या सकाळी खारबांदात काम. बाव बुजवची आसा. म्हटलंय, गाव खाली आसा. तर म्हणता, म्हणानच उद्या."

कढईतला पाक कडेला लागला. काकीला वास आला नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

डोक्यात लख्ख उजेड पडला. जेसीबी बाहेरचा, विकी बाहेरचा, त्यांना पाळणीचं बंधन नाही. सरकारी रस्त्याने येतील, गावातून जातील. गावातला एकही माणूस अडवायला शिवेत पाऊल टाकू शकत नाही. चौथ्या दिवशी परत यावं तर जागा सपाट. आणि कोणी विचारलंच तर, देवाची इच्छा, गाव त्याच्या हवाली होता. काय डोकं म्हणायचं! देवालाच ठेकेदार करून टाकला.

ती तशीच, गुळाच्या हातांनी, कौस्तुभच्या झोपडीत शिरली. तो खुर्चीत बसून फोन चार्ज करत होता.

"उद्या जेसीबी येता?"

"काकी, मला याबाबत कोणतीही अधिकृत कल्पना नाही," कौस्तुभ म्हणाला.

शुद्ध मराठी. उत्तर मिळालं.

"कौस्तुभा, तुझ्या आवशीक डोहाळे लागले तेवा माझा खाजा खाऊन तू जन्माक इलंस. माझ्याकडे बघून बोल."

तो थोडा वरमला. मग हसला. "काकी, उद्घाटनाची तारीख ठरली. माझ्या हातात काय नाय. आणि तुमका अडवचा आसात तर जावा गावात. मी अडवणार नाय. पाळण मोडली तर नाना बघतले."

तिने तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. साहेबांनी नाव, गाव, विषय विचारला आणि म्हणाले, "बाई, ही वास्तू संरक्षित यादीत आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग अर्ज करा. नव्या वर्षात बघू." नव्या वर्षात काय बघणार, पेव्हर ब्लॉक?

सत्यवान झोपडीच्या दारात बसला होता. काकी त्याच्याजवळ येऊन धप्पकन बसली.

"मी जातंय. बावीत उतरान बसतंय. घालूदेत माती माझ्यार."

सत्यवानने समोरच्या पितळेच्या तपेल्यावर टकटक केली. एकदाच.

"कशाक नाय? देव काय माका खातलो?"

"देव नाय," तो म्हणाला. त्याच्यासाठी हे भाषणच होतं. "पण ह्या लोकांका परत तीन दिवस हय ऱ्हवचा लागतला. म्हातारी माणसां आसत. पाणी नाय. तुका चलतला?"

नाही चालणार, हे तिलाही ठाऊक होतं. तिचंच वाक्य होतं ना, एक सांभाळायची आणि दुसरीला लाथ मारायची नाही. दुसऱ्याला सांगताना किती सोपं वाटतं.

ऊन कलताना ती उठली आणि सड्याची पायवाट उतरून व्हाळापर्यंत गेली. मागोमाग मथुरा. व्हाळात घोट्याएवढं पाणी. पलीकडे जाळीत बाव. तिच्याही पलीकडे, चढावर, तो चंद्र-सूर्याचा धोंडा. आणि त्याच्यासमोर सकाळी ठेवलेला नानांचा नारळ, लाल कुंकू लागलेला, लांबूनही दिसणारा.

मथुराला गप्प बसणं जमत नाही.

"माझ्या आयेन ह्या बावीचा पाणी पाजून माका वाढवल्यान," ती म्हणाली. "आमची ती आमची. मेल्यांका बुजवताना लाज नाय वाटत?"

मथुराने चमकून तिच्याकडे बघितलं. 'आमची' म्हटल्यावर शिवी आली नाही म्हणजे प्रकृती बरी नसावी.

काकी नारळाकडे बघत होती.

"मथुरा," ती हळूच म्हणाली. "नानांनी नारळ खंय ठेवलो?"

"धोंड्याकडे. दर पाळणीक थंयच ठेवतत."

"म्हणजे देवाची शीव धोंड्याकडे संपली."

"मी पंचवीस वर्सां काय सांगतंय मगे? गजाली मारतंय?"

"म्हणजे बाव शिवेच्या भायर."

मथुराचं तोंड उघडं राहिलं. ते वाक्य काकीच्या तोंडून ऐकायला तिने काय नसतं दिलं? एक पापलेट तरी नक्कीच. आणि आता ते आलं होतं, तर तिला हसूही येईना.

संध्याकाळी भजनासाठी सगळे जमले होते. काकी मधोमध जाऊन उभी राहिली. आजूबाजूला चुली, धूर, पोरांची बोंब. तिने नानांना विचारलं, "नाना, सकाळी व्हाळाच्या बाजूक नारळ खंय ठेवलास?"

"धोंड्याकडे. तुका दिसाक नाय?"

"कशाक थंय? शीव व्हाळाक ना?"

नानांनी चष्मा काढला. "माझ्या बापाशीन थंय ठेवल्यान, तेच्या बापाशीन थंय ठेवल्यान. धोंडो सोडून मी व्हाळाक नारळ कशाक ठेवू? व्हाळ काय देव आसा?"

"मग धोंड्याच्या ह्या बाजूक माणूस ऱ्हवलो तर पाळण मोडता?"

नाना थांबले. त्यांना दिसू लागलं की बाई कुठे चाललीय. "मोडत नाय," ते म्हणाले.

कौस्तुभ ताडकन उठला. "असं कसं? नकाशाप्रमाणे विहीर ग्रामपंचायत हद्दीत आहे! ती आपली आहे!"

"नकाशो देवान काढूक नाय रे," नाना शांतपणे म्हणाले.

"पाणी थंय आसा!" मागून एक बाई ओरडली. तिच्या डोक्यावर अजून रिकामी कळशी होती. "गोडा पाणी ढेंगेर आसा आणि आमी सकाळपासून कंबर मोडतो?" मग दुसरी. मग दहा. टँकरचे पैसे वाचवायची हुशारी कौस्तुभला तेव्हा भोवली. तहानलेल्या बाईला सौंदर्यीकरण समजावून दाखवा कोणी.

नानांनी हात वर केला. सगळे थांबले.

"प्रेमा," ते म्हणाले, "एक गोष्ट नीट ध्यानात घे. बाव शिवेभायर म्हणान आज आमी थंय वस्ती केली, की ता कायमचा. उद्या पेंडवळवाले बोट दाखवतले, की खारबांदवाल्यांनी आपणच मान्य केल्यानी. बाव त्येंची. तुझे ते खाज्यातले कागद, तुझी गलबतां, सगळा त्येंचा. पंचवीस वर्सां तू भांडलंस. तुका चलतला?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मथुराही, एका चुलीआडून, पेंडवळची एकटी. काकीने पदर खोचला, काढला, परत खोचला. छातीत काहीतरी दुखलं, आणि ते गुडघ्यासारखं तेल लावून बरं होणारं नव्हतं.

"बुजलेली बाव आपली म्हणान काय करू?" ती म्हणाली. "तिच्यार गाड्यो लावू?"

कुठूनतरी तपेल्यावर टकटक झाली. दोनदा.

गाव हलला. कंदील, बॅटऱ्या, डालगी, गाद्या, झोपड्यांचे वासे-झावळ्या, टीव्हीवाली आजी, सगळे व्हाळ ओलांडून बावीभोवती. धोंड्यापाशी नाना स्वतः खुर्ची टाकून बसले, पाऊल पलीकडे पडता कामा नये म्हणून. पहिली कळशी वर आली तेव्हा तिच्यावर बायका अशा तुटून पडल्या, जशा लग्नात जिलबीवर.

सकाळी विकी आला. मोकळ्या गावातून, मोकळ्या रस्त्याने, गाणी लावून, पिवळं धूड दणदणत. चढ चढून धोंड्याशी आला आणि थांबला. समोर गाव. तीसेक झोपड्या, चुली पेटलेल्या, दोरीवर धोतरं, बावीच्या काठावर ओळीने आंघोळीला बसलेले म्हातारे, आणि जेसीबीच्या बकेटसमोर एक कोंबडा, जो आयुष्यात कुणाला घाबरला नव्हता.

विकीने खाली उतरून नानांना विचारलं, "आजोबानू, गाव खाली आसा म्हणान सांगलेला..."

"गाव खालीच आसा," नाना मागे बोट दाखवत म्हणाले. "ह्यो गाव नाय. हय पेंडवळ."

विकीने कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ सड्यावर एकटा उरला होता, चार्जिंगला लावलेल्या दोन फोनांसोबत. फोन स्पीकरवर होता, म्हणून पुढचं सगळ्या गावाने ऐकलं.

"सरपंचानू, हय माणसां आसत. तुमी येवा आणि उठवा त्येंका."

पलीकडे शांतता. ती शांतता काकीने नंतर महिनाभर मिटक्या मारत चाखली. कारण कौस्तुभला यायला दोनच वाटा होत्या. बाव खारबांदची, असं धरून आला, तर पाळण मोडणारा तोच. निवडणूक विसरा, त्याला सोयरीकही मिळाली नसती. आणि बाव शिवेबाहेर, असं धरून व्हाळ ओलांडून आला, तर दुसऱ्या गावची बाव बुजवायला हा कोण?

"मी... कळवतो," कौस्तुभ म्हणाला.

"बस रे विकी," काकी म्हणाली. "इलंस तर खाजा खाऊन जा. गाडी मात्र फिरव. कोंबड्याक धूर सोसणा नाय."

विकी बसला. खाजं खाल्लं, बावीचं पाणी प्यायला, "गोडा आसा ओ!" म्हणाला, पुड्यातल्या कागदाला हात पुसले, मग तो उलटून वाचलाही. आणि गेला.

चौथ्या दिवशी रवळनाथाने उजवा कौल दिला. गाव घरी परतला. कौस्तुभच्या बोटी आल्या, गाड्याही आल्या. त्या आता शाळेमागच्या माळावर लागतात, चार पावलं जास्त चालावं लागतं, कोणी मेलं नाही. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात कौस्तुभचं कौतुक केलं, जुनं जतन केल्याबद्दल. त्याने हार घालून घेतला आणि आभार मानले. शुद्ध मराठीत.

पण नाना म्हणाले होते तेच झालं. शिमग्याच्या आत पेंडवळवाल्यांनी जाळी तोडून वाट केली, बावीजवळ फलक लावला. 'पेंडवळची ऐतिहासिक बाव.' मोठ्या अक्षरांत, हिरव्या रंगात. काकीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोन दिवस डंक बंद होता. गावाला चुकल्यासारखं झालं. शिंका न येता माणसं उठली, तीही उशिरा. तिसऱ्या दिवशी तिने पुड्यातला कागद बदलून घेतला. नवा मजकूर छापायला दिला, 'खारबांदची' हा शब्द काढला. त्याच्या जागी काय घालावं ते न सुचल्याने तिथे एक गलबत काढलं.

आणि त्याहून भयंकर म्हणजे मथुरा. मासळी विकून झाली की ती आता बावीवर बसते आणि येईल त्या पर्यटकाला इतिहास सांगते. एका रविवारी काकी खाज्याचे पुडे घेऊन तिकडे गेली, तर पुण्याचं एक कुटुंब उभं होतं आणि मथुरा हातवारे करत होती.

"हय एक पोर्तुगीज राणी आंघोळीक येय. सोन्याच्या होडीतसून."

"अगं बाई! खरंच?" पुण्याची बाई म्हणाली.

काकीच्या डोक्यात तिडीक गेली. "खंयची राणी? गो मथुरा, काय वाट्टेल ता सांगतंस? गलबतां! पिंपा! पन्हळ बघ समोर!"

"मग तूच सांग," मथुरा म्हणाली आणि पायरीवर जागा करून दिली. "मी काय शिकलंय? मी आपली म्हावरां कापणारी. सांग गो, मी पण आयकतंय."

काकी उभी राहिली. गलबतं सांगितली, पिंपं सांगितली, दोरांच्या खाचांत त्या बाईच्या पोरीचं बोट घालून दाखवलं. पन्हळीत कळशीभर पाणी ओतलं, आणि ते वळत वळत, नसलेल्या खाडीच्या दिशेने कसं धावतं ते सगळ्यांनी वाकून पाहिलं. पोरगी पाण्याबरोबर धावली. काकीचा आवाज असा लागला होता, की खाली शेतात काम करणारी माणसंही थांबून ऐकत होती.

"तुम्ही किती छान सांगता," पुण्याची बाई म्हणाली. "तुमच्याच गावची का ही विहीर?"

काकीने हिरव्या फलकाकडे पाहिलं. मथुराकडे पाहिलं. मथुरा टोपलीतल्या पाल्याशी चाळा करत होती, पण कान इकडेच.

"नाय," काकी म्हणाली. "पेंडवळची."

मथुराने हळूच मान वर केली. "काय म्हटलंस गो? माका आयकाक नाय इला. परत सांग."

"मेल्या बांगड्यांसारखी बघू नको. एकदा सांगलंय."

"वाऱ्यार आयकाक नाय इला, खरा सांगतंय."

"आयकाक येत नाय तर कानात आगळ घाल," काकी म्हणाली, आणि पन्हळीत ओतायला तिने दुसरी कळशी उपसायला घेतली, कारण ती पोरगी पुन्हा धावायला तयार उभी होती.